कुमासीचे संशोधन कोणाच्या खाती?

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात कुमासी नावाचे शहर आहे. अशांती लोकांची ती जुनी राजधानी. भोवताली कोकोच्या बागा, जमिनीच्या पोटात सोने, आणि शहरालगत विस्तीर्ण आवार असलेले एक विज्ञान व तंत्रविज्ञान विद्यापीठ. जगातील विद्यापीठांच्या प्रतवारीच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात, तेव्हा या विद्यापीठाचे स्थान किती वर चढले वा किती खाली घसरले याची चर्चा घानात होते. किती शोधनिबंध छापून आले आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, यावर हे स्थान बऱ्याच अंशी ठरते. आफ्रिकेतील विज्ञानाची चर्चा बहुधा या आकड्यापाशी सुरू होते आणि याच आकड्यापाशी संपते. आकडा वाढला की समाधान, घटला की खेद.

हा आकडा ज्या वस्तूचा आहे ती वस्तू कोणी मागविली, कोणाच्या पैशाने तयार झाली आणि अखेरीस कोणाच्या उपयोगी पडली, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. कापडगिरणीविषयी किंवा साखर कारखान्याविषयी लिहिताना आपण ते प्रथम विचारतो. ज्ञानाच्या उत्पादनाला त्यातून सूट देण्याचे कारण नाही. कुमासीच्या उदाहरणावरून या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत असतानाच १९५१ साली कुमासी तंत्रविज्ञान महाविद्यालयाची स्थापना झाली आणि जानेवारी १९५२ मध्ये ते सुरू झाले. आचिमोटा येथून आणलेले दोनशे प्रशिक्षणार्थी शिक्षक हे त्याचे पहिले विद्यार्थी. १९५७ साली देश स्वतंत्र झाला. धरण, वीज, कारखाने आणि विज्ञान या चार खांबांवर नवे राष्ट्र उभे करण्याचे स्वप्न क्वामे एन्क्रूमा यांनी पाहिले होते. १९६१ साली या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कर व पोलिसांनी एन्क्रूमांना पदच्युत केले, तेव्हा विद्यापीठाच्या पाटीवरूनही त्यांचे नाव उतरविले गेले. ते परत आले १९९८ साली. नाव पुसणे एका दिवसात जमते. त्या नावामागचा हेतू पुसण्यास अधिक वेळ लागला आणि ते काम बंदुकीपेक्षा अंदाजपत्रकाने अधिक केले.

आता आकड्यांकडे वळू. जागतिक बँक आणि एल्सेव्हियर ही प्रकाशनसंस्था यांनी मिळून २०१४ साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील संशोधनाचा दहा वर्षांचा आढावा घेतला. २००३ साली जगातील एकूण संशोधनात या प्रदेशाचा वाटा ०.४४ टक्के होता, तो २०१२ साली ०.७२ टक्के झाला. याच काळात वार्षिक निबंधांची संख्या दुपटीहून अधिक झाली. जगातील सुमारे बारा टक्के लोकसंख्या त्या वेळी या प्रदेशात राहत होती. म्हणजे वाढ झाली, परंतु लोकसंख्येच्या मानाने वाटा नगण्यच राहिला. एवढे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. याच अहवालात आणखी काही आकडे आहेत. ते अधिक बोलके असूनही त्यांच्याकडे कमी लक्ष जाते.

२०१२ साली दक्षिणेकडील आफ्रिकेतील ७९ टक्के, पूर्व आफ्रिकेतील ७० टक्के आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ४५ टक्के संशोधन परदेशी सहकार्याने झालेले होते. सहकार्य वाईट नसते. विज्ञान हा मूलतः सहकारी उद्योग आहे. पण याच अहवालानुसार दक्षिण आफ्रिका हा देश आणि बाहेरचे सहकारी वगळून आफ्रिकी देशांनी केवळ आपसांत केलेले संशोधन पश्चिम व मध्य आफ्रिकेत एक टक्क्याहूनही कमी भरले. पूर्व आफ्रिकेत ते तीन टक्क्यांच्या आत होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर कुमासीच्या प्राध्यापकाची गाठ हँबर्ग किंवा लंडन येथील प्राध्यापकाशी सहज पडते. इबादान किंवा डाकार येथील प्राध्यापकाशी मात्र पडत नाही. रोग तोच, पीक तेच, माती तीच, पाऊस तोच. पण या दोघांना एकत्र बसविणारा पैसा कोणाकडे नाही. वसाहतीच्या काळात आफ्रिकेतील रेल्वेमार्ग खाणीपासून बंदरापर्यंत जात. एका देशातून शेजारच्या देशात क्वचितच जात. ज्ञानाचे मार्गही त्याच आखणीवर पडले आहेत.

बेनिन या देशातील तत्त्वचिंतक पोलँ हुंतोंजी यांनी ही स्थिती फार पूर्वी ओळखली होती. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत कच्चा माल बाहेर जातो आणि पक्का माल परत येतो, तसेच विज्ञानातही होते. माहिती, नमुने व निरीक्षणे आफ्रिकेत गोळा होतात. त्यांवरून सिद्धान्त युरोप-अमेरिकेत रचले जातात. आणि ते सिद्धान्त आफ्रिकेतील विद्यार्थी परदेशी पुस्तकांतून शिकतात. आफ्रिकेतील शास्त्रज्ञ आपल्या समाजाकडे पाठ करून बाहेरच्या वाचकासाठी लिहितो, कारण त्याचा परीक्षक बाहेर आहे.

घानाच्या वाचकाला हा दाखला परका वाटणार नाही. घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवितात. पण चॉकलेटच्या बाजारावर युरोप-अमेरिकेतील कंपन्यांचे प्रभुत्व आहे. दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. व्होल्टा नदीवर आकोसोंबो येथे धरण झाले. १९६५ साली ते पूर्ण झाले आणि त्यामागे जगातील एक अतिविशाल मानवनिर्मित जलाशय पसरला. धरणाच्या विजेचा मोठा हिस्सा तेमा येथील अॅल्युमिनियमच्या कारखान्याला दीर्घ मुदतीच्या कराराने अत्यल्प दरात मिळाला. कारखाना अमेरिकन कंपन्यांचा. घानाच्या भूमीत बॉक्साइट विपुल आहे. तरीही या कारखान्यात परदेशातून आणलेला अॅल्युमिना वितळविला जाई आणि घानाचे बॉक्साइट जहाजाने परदेशी जाई. बॉक्साइटपासून अॅल्युमिना करण्याचा मधला टप्पा देशात उभा राहिलाच नाही. साखळीचा मधला दुवा बाहेर ठेवला की दोन्ही टोके आपली असूनही साखळी परक्याच्या हाती राहते. विद्यापीठातील संशोधनाचेही हेच झाले आहे. रुग्ण आपले, रक्ताचे नमुने आपले, ते गोळा करणारे हात आपले. पण प्रश्न ठरविणे, उपकरणे, विश्लेषण आणि नियतकालिक हा मधला सारा व्यवहार बाहेर. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने श्रेयाचा मोठा वाटाही मग बाहेरच जातो.

हे आपोआप घडले नाही. १९८३ साली घानात भीषण दुष्काळ होता. त्याच वर्षाच्या प्रारंभी नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांना देशाबाहेर काढले. अशा कोंडीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या अटींनुसार आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम सुरू झाला. तोपर्यंत एका डॉलरला अधिकृत दराने २.७५ सेडी पडत. १९८६ च्या आरंभी नव्वद पडू लागले. जुना दर कृत्रिम होता आणि तो टिकणारा नव्हता, हे अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून मी मान्य करतो. पण या आकड्याचा ग्रंथालयाच्या अंगाने अर्थ काय झाला? ज्या परदेशी नियतकालिकाची वार्षिक वर्गणी शंभर डॉलर, त्याला पूर्वी अधिकृत हिशेबाने २७५ सेडी लागत. आता नऊ हजार लागू लागले. प्रयोगशाळेतील काचसामान, रसायने आणि यंत्रांचे सुटे भाग यांचा हिशेबही हाच. अवमूल्यनाने कोकोची निर्यात वाढत असेल. प्रयोगशाळेत निर्यात करण्याजोगे असते ते माणूस. आणि माणसेच गेली. घानातील डॉक्टर, अभियंते आणि प्राध्यापक नायजेरियात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत गेले.

नेमक्या याच काळात, १९८८ साली, जागतिक बँकेने सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या शिक्षणाविषयी आपला धोरणग्रंथ प्रसिद्ध केला. उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाला आवर घालावा, त्याचा भार विद्यार्थी व पालकांवर टाकावा आणि प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा, असा त्याचा रोख होता. प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा हे कोण नाकारील? परंतु प्राथमिक शाळेचा शिक्षक जेथे घडतो, ज्या प्रयोगशाळेत गावच्या पाण्याची तपासणी होते, ती संस्था मोडून प्राथमिक शिक्षण उभे राहत नाही. मजल्यांमध्ये भांडण लावून घर बांधता येत नाही. हे उंटावरून शेळ्या हाकणे होते. २००० साली याच बँकेने युनेस्कोबरोबर नेमलेल्या कृतिगटाने कबूल केले की, उच्च शिक्षणाचा परतावा मोजण्याची जुनी रीत संकुचित होती. पुढे २०१४ पासून बँकेने आफ्रिकेत उत्कृष्टता केंद्रांची योजना आखली आणि कुमासीच्या विद्यापीठात पाणी व पर्यावरणीय स्वच्छता या विषयाचे केंद्र तिच्यातूनच उभे राहिले. केंद्राचे काम मोलाचे आहे. पण योजनेचा पैसा मुख्यतः कर्जाचा आहे, आणि तो घानाच्या करदात्याला फेडावयाचा आहे. आधी स्वतःची विहीर बुजविण्यास सांगावयाचे आणि पुढे कर्ज देऊन नवी खोदावयास लावावयाचे, असा हा क्रम आहे.

या साऱ्या अवनतीच्या काळात कुमासीतच एक वेगळा प्रयोग चालू होता. आपल्या कार्यकर्त्यांनी तो अवश्य माहीत करून घ्यावा. शहराच्या उत्तर अंगाला सुआमे मॅगझिन नावाची वस्ती आहे. हजारो लहान लहान दुकानांत मोटार-दुरुस्ती करणारे, सांधणी करणारे, लेथवर काम करणारे, भंगारातून सुटे भाग घडविणारे कारागीर तेथे काम करतात. बहुतेकांचे शिक्षण उमेदवारीत, उस्तादाच्या हाताखाली झालेले. विद्यापीठाने १९७२ साली तंत्रविज्ञान सल्लागार केंद्र काढले आणि त्याने या कारागिरांशी नाते जोडले. कसाव्याच्या पिठापासून खळ करणे, लहान प्रमाणावर साबण तयार करणे, नट-बोल्ट पाडणे असे साधे उद्योग या केंद्राने हाती घेतले. १९८० साली खुद्द सुआमेमध्येच एक तंत्र-हस्तांतर केंद्र उघडले गेले. म्हणजे कारागिराने विद्यापीठाच्या फाटकाशी ताटकळत राहण्याऐवजी विद्यापीठच त्याच्या गल्लीत गेले. परकीय चलन नसल्यामुळे सुटे भाग आयात करता येत नव्हते, त्या वर्षांत देशाच्या मालमोटारी चालू ठेवण्यात सुआमेच्या हातांचा वाटा मोठा होता. पुढे १९८७ पासून अशी केंद्रे घानाच्या अन्य विभागांतही काढण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला.

हे संशोधन नव्हे काय? स्थानिक मालातून, स्थानिक कौशल्याने आणि स्थानिक गरजेसाठी यंत्र घडविणे याला बुद्धी लागत नाही काय? पण या कामाचे किती शोधनिबंध झाले असे विचाराल तर उत्तर फारसे भरत नाही. प्रतवारीच्या यादीत बोल्टला स्थान नाही. ज्या प्राध्यापकाने आपली वर्षे सुआमेच्या लोखंडाच्या ढिगांत घालविली, त्याच्या बढतीच्या अर्जाचा रकाना रिकामाच राहिला असणार.

या बाबतीत माझीही कबुली द्यावयास हवी. सेवेत असताना मी अनेक निवड समित्यांवर बसलो. उमेदवाराचे निबंध किती, हे आम्ही मोजत असू. वाचत क्वचितच असू. एका उमेदवाराने दुष्काळी तालुक्यातील सहकारी सोसायट्यांच्या थकबाकीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून एक जाड टिपण तयार केले होते. ते मराठीत होते आणि कोठे छापलेले नव्हते. आम्ही ते टेबलावर बाजूला सारले आणि परदेशी नियतकालिकांत दोन निबंध असलेल्या उमेदवाराची निवड केली. त्या निबंधांचे विषय आज मला आठवत नाहीत. बाजूला सारलेले टिपण आठवते. त्यामुळे कुमासीच्या कारभाऱ्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मापच चुकीचे असले की प्रामाणिक माणूसही चुकीचे वजन करतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. माप चुकीचे आहे म्हणून निबंध छापूच नयेत, परदेशी सहकार्य झुगारून द्यावे, विद्यापीठाने केवळ लोकोपयोगी अवजारे करावीत, असा निष्कर्ष आपल्या गोटात काही जण काढतील. तो घातक आहे. कुमासीचाच दाखला घेऊ. अशांती प्रदेशात निबिमा नावाची वेल आहे. शास्त्रीय नाव क्रिप्टोलेपिस. तिच्या मुळांचा काढा वैदू हिवतापावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले. १९७० च्या दशकात कुमासीच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील संशोधकांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी केली, काढ्याच्या जंतुनाशक गुणांची परीक्षा केली आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. नंतर घानातच या मुळाच्या पुड्यांचा चहा करून मोजक्या हिवतापाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तिचा आशादायक अहवाल २०१० साली घानाच्याच वैद्यकीय नियतकालिकात आला. आता दुसरी बाजू पाहा. या मुळातील मुख्य द्रव्य पेशींतील डीएनएला चिकटते, असे प्रयोगशाळेत आढळले. म्हणजे ते रोगजंतूला मारते तसे निरोगी पेशीलाही अपाय करू शकते. गरोदर स्त्रीला हा काढा द्यावा का, किती द्यावा, किती दिवस द्यावा, याचे उत्तर परंपरेकडून मिळणार नाही. ते संशोधनानेच द्यावे लागेल. परंपरेवरील निव्वळ भक्ती ही गरिबाच्या जिवाशी खेळ ठरते.

छापण्याचे दुसरेही मोल आहे आणि ते आपल्याकडच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. हळदीने जखम भरते या घरोघरी ठाऊक असलेल्या गोष्टीचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आजीचा शब्द तेथे पुरावा म्हणून चालला नाही. जुने ग्रंथ आणि छापील निबंध चालले. जे ज्ञान लिहिले गेले नाही ते लुटणे सोपे असते. म्हणून कुमासीने छापावे, भरपूर छापावे.

तसेच परदेशी सहकार्याचे. हँबर्गच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेशी मिळून कुमासीत उष्णकटिबंधीय वैद्यकाचे संशोधन केंद्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा घानात आरंभी ज्या दोनच प्रयोगशाळांत तपासणी होऊ शकत होती, त्यांपैकी ही एक. कुमासीच्याच पीक संशोधन संस्थेने परदेशी संस्थांच्या साहाय्याने अधिक पोषक प्रथिने असलेला ‘ओबाटान्पा’ हा मक्याचा वाण १९९२ साली प्रसृत केला आणि तो आफ्रिकेतील अन्य देशांतही पसरला. आणि ज्याचा तत्काळ उपयोग सांगता येत नाही असेही संशोधन हवे. गणिती फ्रान्सिस अॅलोटे यांनी मृदू क्ष-किरणांच्या वर्णपटाविषयी मूलभूत काम केले. त्याने कोकोचे पीक एका पोत्यानेही वाढले नसेल. पण त्याच अॅलोट्यांनी कुमासीत संगणकाचे शिक्षण रुजविले आणि गणितज्ञांच्या पिढ्या घडविल्या. ‘तुम्ही हातोडा घडवा, सिद्धान्त आम्ही रचू’ ही विभागणी साम्राज्यशाहीची आहे. ती आपण लोकसेवेच्या नावाखाली स्वीकारण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रश्न छापावे की न छापावे हा नाही, स्वदेशी की परदेशी हाही नाही. प्रश्न हा की, कोणता विषय आधी घ्यावयाचा हे कोण ठरविते. आणि अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, पैसा देणारा विषय ठरवितो. प्रकाशनाच्या बाजारात तर पैसा दोन्ही बाजूंनी मोजावा लागतो. पूर्वी वाचकाला वर्गणी भरावी लागे. आता निबंध सर्वांना मुक्त वाचावयास मिळावा म्हणून लेखकाने शुल्क भरावे अशी रीत आली आहे. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०२० साली हे शुल्क एका निबंधाला ९,५०० युरो असे जाहीर केले. गरीब देशांतील लेखकांना प्रकाशक सवलत देतात, हे खरे. पण ती सर्वत्र आपोआप मिळत नाही, अनेकदा मागावी लागते.

पैसा आपला नसला की काय होते आणि केवळ निबंधाने काय होत नाही, या दोहोंचे उत्तर कुमासीभोवतीच्या नद्यांत दिसते. प्रा, ओफिन, अंकोब्रा या नद्यांच्या काठी बेकायदा सोन्याच्या खाणी चालतात. स्थानिक बोलीत त्यांना ‘गालामसे’ म्हणतात. सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात आणि तो पाण्यात जातो; नद्या गाळाने पिवळ्या झाल्या आहेत, कोकोच्या बागा खणून काढल्या जात आहेत. घानातील रसायनशास्त्रज्ञांनी पाण्यातला पारा मोजला, माशांतला मोजला आणि तसे निबंध छापले. निबंधांची संख्या वाढली आणि नद्याही अधिक गढूळ झाल्या. ज्ञान होते, आहे; त्याच्या पाठीशी शक्ती नव्हती. यंत्राचा मालक, सोन्याचा व्यापारी आणि त्यांना पाठीशी घालणारा राजकारणी यांची युती शोधनिबंधाने मोडत नाही. ती मोडावयाची तर तो निबंध शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या संघटनेच्या बैठकीत वाचला गेला पाहिजे. विद्यापीठ आणि जनता यांच्यामधला हा दुवा घडविणे हे शास्त्रज्ञाचे एकट्याचे काम नव्हे. ते राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.

आफ्रिकेतील राष्ट्रांना हे समजले नव्हते असे नाही. १९८० साली लागोस येथे आफ्रिकी राष्ट्रांनी आपली कृतियोजना संमत केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का रक्कम संशोधनावर खर्च करण्याचे उद्दिष्ट तिच्यात होते. २००६ साली खार्टूम येथे आफ्रिकी संघाने तोच संकल्प पुन्हा सोडला. घानाचा खर्च २०१० साली ०.३८ टक्के होता. २०२० साली घानाच्या संसदेने राष्ट्रीय संशोधन निधीचा कायदा केला. तो आशेचा किरण होता. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये घानाला परदेशी कर्जाच्या बहुतांश परतफेडी स्थगित कराव्या लागल्या आणि मे २०२३ मध्ये नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करून घ्यावे लागले. अशा वेळी अंदाजपत्रकात पहिली कात्री कोठे लागते हे वाचकांना सांगावयास नको. वेतन थांबले की संप होतो, परतफेड थांबली की सावकार दारात येतो. संशोधन थांबले तर त्या दिवशी कोणीच ओरडत नाही. वीस वर्षांनी पीक बुडते, तेव्हा कारण कोणाला आठवत नाही.

आपण भारतीयांनी हे दुरून, दयाबुद्धीने पाहावे अशी आपली स्थिती नाही. भारताचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एक टक्क्याचे वचन आपल्याला कोणी लागोसला जाऊन द्यावे लागले नाही, आणि ती मर्यादा आपणही ओलांडलेली नाही. चंद्रावर यान उतरविणारा देश आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला देश यांच्यातील हे अंतर आपण समजतो तितके मोठे नाही.

कुमासीसाठी, आणि तशा प्रत्येक विद्यापीठासाठी, मागणी तीन शब्दांत मावते: पैसा, माप, शेजार. देशाच्या उत्पन्नाचा एक टक्का संशोधनाला कायद्याने बांधून द्यावा आणि कर्जाच्या वाटाघाटींत त्याला हात लावू देऊ नये. बढती देताना छापील निबंधाबरोबरच पडताळलेले यंत्र, रुजलेले वाण, वाचलेली नदी यांनाही तोलावे. आणि तोलणाऱ्यांत त्या यंत्रावर काम करणारा कारागीर व त्या नदीकाठचा शेतकरीही असावा. आणि हँबर्गबरोबरच इबादानचे दार उघडावे. आफ्रिकी देशांनी परस्परांच्या संशोधनासाठी सामायिक निधी उभारावा, म्हणजे दोन शेजाऱ्यांना बोलावयास तिसऱ्याची परवानगी लागणार नाही.

कोकोची बी परदेशी गेली तरी झाड कुमासीच्या मातीत राहते आणि पुढल्या हंगामाला पुन्हा फळते. ज्ञानाचे तसे नाही. प्रश्न विचारण्याची सवय एकदा परक्याच्या हवाली केली की ती परत मिळविण्यास एक पिढी पुरत नाही. म्हणून कुमासीत यंदा किती निबंध झाले, असे कोणी सांगू लागला तर त्याला एवढेच विचारावे: त्यांतला प्रश्न कोणाचा होता?